मध्यावरचा काटा

"हलला. हलला बरं का! मघाशी इथं होता, आता इथं आहे. मी काय आंधळा आहे?"

काकांची ही कुरकुर शेजारच्या सीटवर बसलेल्या काकूंसाठी नव्हती. ती स्टीअरिंगच्या मागं बसवलेल्या बोटभर काट्यासाठी होती. इंजिन किती तापलंय ते दाखवणं एवढंच त्या काट्याचं काम. पण काका त्याच्याशी असे बोलत, की जणू तो पगारी माणूस आहे आणि कामात कुचराई करतोय. काकूंच्या पायांशी पाण्याचा एक कॅन होता, मांडीवर दुसरा होता, आणि तिसऱ्याचं झाकण पाठीत टोचत होतं. गाडी मुळात इतकी लहान, की तिच्यात नवरा-बायकोनं रुसायचं ठरवलं तर तोंड फिरवायलासुद्धा काच खाली करावी लागे. अख्खी कॉलनी तिला 'डबी' म्हणायची.

"मध्यावर आला," काका म्हणाले. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, तो आवाज.

"मध्यावरच असतो तो, अहो."

"असतो म्हणून असावा असं नाही."

घाटाचं तिसरं वळण आलं. तिथं दगडी कठड्याला लागून एक गाडी उभी राहील एवढी जागा होती. गाय गोठ्याकडे वळावी तशी डबी आपसूक तिकडे वळली. काकांनी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवून आत पाहिलं आणि मान हलवली. काकूंनी फोन लावला.

"अगं ठके, गाडी तापली बघ."

"हो का," पलीकडून लेक म्हणाली. "असू दे आई. सावकाश परत जा."

डबी परत फिरली. उतारावर काटा खाली आला, काकांचे खांदेही खाली आले, आणि घाट संपायच्या आत ते शीळ घालायला लागले. ती शीळ काकूंना कॅनच्या झाकणापेक्षा जास्त टोचायची.

काकांना कॉलनीत 'रीडिंगकाका' म्हणत. सगळी नोकरी त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचण्यात घालवली होती. लोकांच्या जिन्याखाली, जळमटांत डोकं घालून, बॅटरीच्या उजेडात. कशालाही हात लावायचा नाही, फक्त वाचायचं आणि पुढच्या घरी जायचं. त्यामुळं खाली असलेला काटा म्हणजे काटकसर आणि चढलेला काटा म्हणजे कुणाची तरी उधळपट्टी, एवढं शास्त्र त्यांच्या अंगात भिनलेलं. मध्यावरचा काटा म्हणजे निम्मं नुकसान होऊन गेलेलं आहे!

आता हे इथंच सांगून टाकलेलं बरं, नाही तर कुणाला वाटेल की प्रश्न खरोखर गाडीचाच होता. ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. गाडी चालवायला ती याच डबीवर शिकली, काकांच्या हाताखाली. 'पुढच्या जाळीवर कागद धर. चिकटला तर समज, पंखा वारा आत ओढतोय.' 'काटा चढायला लागला की थांबायचं, मग पुढं काहीही असो.' असले धडे. पुढं ठकीनं आपल्या मनानं लग्न केलं. ते मोडलं. एका संध्याकाळी ती दोन बॅगा घेऊन घरी आली. काकूंनी पाणी दिलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काटा चढताना दिसत होता ना? तेव्हाच थांबायचं असतं."

एवढंच. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. ठकीनं पेला अर्धाच पिऊन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं घाटावरच्या गावात, जिथं तिचं ऑफिस होतं तिथं, एक खोली बघितली. पुढं त्या खोलीचं घर झालं. काकू बसनं जाऊन येऊन असत. काका मात्र जाणार ते डबीनंच, आणि डबी तापणार ती तिसऱ्या वळणावरच.

"बसनं चला ना एकदा," काकू म्हणायच्या.

"दारात गाडी असताना बसनं? लोक काय म्हणतील?"

लोकांना याचं काही पडलेलं नव्हतं, पण लोक हे असल्या वेळी फार उपयोगी पडतात.

गाडी तापत नाही हे काकूंना ठाऊक होतं. ठकीला ठाऊक होतं. काकांना ठाऊक नव्हतं असं शपथेवर सांगायला काकू तयार नव्हत्या. पण बोलायचं कुणी? संसारात बाई दोन गोष्टी शिकते. कधी बोलू नये ही पहिली, आणि कधी बोलायचं राहून गेलं ही दुसरी. दुसरी जरा उशिरा शिकते.

अशात एका सकाळी ठकीचा फोन आला. काकूंचे हात कणकेत होते म्हणून त्यांनी तो कोपरानं स्पीकरवर टाकला.

"आई, बदली झाली. लांब आहे गं, रेल्वेनं दिवसच्या दिवस जातो. रविवारी दुपारी सामानाचा टेम्पो निघेल, त्याच्यातूनच मी स्टेशनवर जाईन. तुम्ही दोघं त्याआधी आलात तर…" मग लगेच, "गाडी तापत असेल तर राहू दे."

हॉलमध्ये काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणजे काय? टोमणा मारतेय का ती डबीला?"

"डबीला कशाला मारेल?"

काका उठले, खिडकीशी गेले, खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या डबीकडे बघत राहिले. काकूंना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पण एवढ्या वर्षांत त्या पाठीचं रीडिंग त्यांना येऊ लागलं होतं. आज त्या पाठीला जायचं होतं. खरंच जायचं होतं.

"रविवारच्या आत हिला बर्फासारखी गार करतो की नाही बघ," पाठ म्हणाली.

काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अहो, हिला काही झालेलंच नाही, नुसते बसा आणि चला. पण माणूस कधी नव्हे ते जायला निघालाय, त्याला कशाला अडवा, असं म्हणून त्यांनी कणीक मळायला घेतली. पुढचं सगळं रामायण त्या न बोललेल्या वाक्यातून झालं.

पहिल्यांदा कोपऱ्यावरचा मिस्त्री. त्यानं गाडी चालू केली, कान दिला, काट्याकडे पाहिलं आणि हात पुसले.

"काका, हिला धाड भरलेली नाही. काटा मध्यावर म्हणजे तब्येत ठणठणीत."

"तुम्ही तपासलंच कुठं?"

"तपासलं की."

"इतक्या लवकर?" काका दुखावले. आपलं दुखणं कुणी किरकोळ ठरवलं की माणसाला जो अपमान वाटतो, तो दुखणं नसताना जास्तच वाटतो. "नाडी न बघता बरा करणारा डॉक्टर मला चालत नाही," असं काकूंना सांगत ते डबी घेऊन थेट शहराबाहेरच्या काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काकूही गेल्या. कॅन धरायला कुणी तरी हवं होतंच.

तिथं काउंटरवर एक गोड मुलगी होती. "काय तक्रार आहे सर?"

"तापते."

"किती तापते?"

काकांनी विचार केला. "मनाला लागेल इतकी."

मुलीनं ते लिहून घेतलं नाही. गाडी आत गेली, तिला संगणकाची नळी लावली गेली, आणि संगणक म्हणाला की काहीही बिघाड नाही. काका म्हणाले, ठीक आहे, मग आम्ही निघतो. तर मुलगी म्हणाली, "निघता येणार नाही ना सर. गेटपास जॉबकार्डावर मिळतो. आणि बिघाड नसेल तर जॉबकार्ड निघत नाही."

"मग निरोगी गाड्यांचं तुम्ही काय करता?"

"निरोगी गाड्या इथं येत नाहीत सर."

यात तिची काही चूक नव्हती. मॅनेजर जेवायला गेला होता. तो येईपर्यंत काका गेटवरच्या वॉचमनशी कायदा बोलले आणि वॉचमन त्यांच्याशी कायदाच बोलला. शेवटी काकूंनी काउंटरवर जाऊन हळूच विचारलं, "बाळ, वायपर खराब आहे असं लिहिलं तर चालेल का?" चाललं. डबीचे दोन्ही वायपर बदलले गेले. भर उन्हाळ्यात, आभाळात चिमूटभर ढग नसताना, डबी नवे कोरे वायपर मिरवत घरी आली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं काकू म्हणाल्या. पण मनात.

मग कॉलनी जागी झाली. एखाद्या घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर शेजाऱ्यांना जसं घरी बसवत नाही, तसंच गाडीचंही असतं. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्टूल घेऊनच खाली आले.

"काका, तत्त्व सोपं आहे. गाडीतला हीटर इंजिनाचीच उष्णता आत आणतो. म्हणजे हीटर फुल सोडला की इंजिन गार!"

"आणि आत बसलेली माणसं?" काकूंनी विचारलं.

"माणसांना घाम येतो ना वहिनी. इंजिनाला कुठं येतो?"

हे शास्त्र म्हणून खरं होतं, आणि म्हणूनच फार वाईट होतं. त्या दुपारी काका-काकू हीटर पूर्ण सोडून, काचा खाली करून, गावाला मोठा वळसा घालून आले. सिग्नलला बाजूच्या स्कूटरवाल्यानं आत हात घालून बघितला आणि चटकन मागं घेतला. "काकू, ठीक आहात ना?" त्यानं विचारलं. काकूंना त्या वेळी माहेरची आठवण येत होती. काटा मात्र मध्याच्या केसभर खाली आला. काकांनी टाळी वाजवली.

संध्याकाळी काकूंनी आपल्या परीनं एक उपाय केला. ताप म्हटल्यावर त्यांना एकच ठाऊक होतं. ठकी लहानपणी तापानं फणफणायची तेव्हा केलं होतं तेच. टॉवेल गार पाण्यात भिजवून, पिळून, त्याच्या घड्या त्यांनी डबीच्या बॉनेटवर ठेवल्या. एक सुकली की दुसरी. याचा उपयोग काही नाही हे त्यांना कळत होतं. पण हातांना काही तरी करायचं होतं, आणि ज्या कपाळावर ठेवायच्या ते कपाळ घाटाच्या वर होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे भला माणूस, फक्त नियमावलीबाहेर त्यांना दिसत नसे.

"वहिनी, पार्किंगमध्ये गाड्या धुवायला बंदी आहे."

"धूत नाहीये भाऊ. घड्या ठेवतेय."

सेक्रेटरींनी बराच वेळ टॉवेलांकडे पाहिलं. घड्यांविषयी नियमावली गप्प होती. सकाळी फळ्यावर नोटीस लागली: 'पार्किंगमधील वाहनांवर कोणत्याही प्रकारचे उपचार करू नयेत.' काकांनी त्याखाली 'माणसांवर केले तर चालतील काय?' असं लिहिलं. त्यावर सेक्रेटरींनी काकांना समज दिली. काकांनी ती घेतली नाही. यात शुक्रवार गेला.

शनिवारी काकांना स्वतःची कल्पना सुचली. आणि कल्पना स्वतःची असली की तिच्यापासून माणसाला वाचवणं देवालाही जमत नाही.

"सगळा घोळ पंख्याचा आहे," ते म्हणाले. "रेडिएटरच्या मागं पंखा असतो. तो इंजिन तापलं की मग फिरतो. अरे, तापल्यावर कशाला? सतत फिरला तर तापेलच कसं? त्याला वेगळं बटण बसवतो. माझ्या हातात."

"तुम्हाला वायरी जोडता येतात?"

काका छाती काढून उभे राहिले. "वीज कंपनीत काय हजामत करत होतो?"

करत होते वाचन. पण ते आता कोण बोलणार! काकूंनी बॅटरी धरली. काका डबीच्या जबड्यात शिरले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "दोन वायरी आहेत. कुठली कुठं होती गं?"

"मला काय माहीत? मी उजेड धरलाय."

"जाऊ दे. काय फरक पडतो? घरातला पंखा प्लग उलटा लावला तरी सुलटाच फिरतो."

हे घरच्या पंख्याबद्दल सोळा आणे खरं आहे. गाडी घर नसते, तिच्यात वीज बॅटरीतून एकाच दिशेनं वाहते, आणि तिथं वायरी उलट्या लागल्या तर पंखाही मुकाट्यानं उलटा फिरतो. इतक्या घरांची वीज मोजलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा संबंध घरांशी आला होता ना.

बटण दाबलं आणि पंखा घूं करून फिरला. डबीच्या पुढच्या जाळीतून असा झकास वारा आला, की समोर उभ्या काकूंचे केस मागं उडाले.

"बघ!" काका ओरडले. "बघ काय जोर आहे!"

उकाड्याचे दिवस. बातमी पसरली. दातांचे डॉक्टर स्टूल घेऊन डबीसमोर येऊन बसले. खुद्द सेक्रेटरी, जाता जाता म्हणून थांबले, ते हातातलं वर्तमानपत्र उडून जिन्यापर्यंत गेलं तरी हलेनात. "छान आहे," ते म्हणाले. "नियमात बसत नाही, पण छान आहे." कितीतरी दिवसांनी काका हसत होते. काकूंना त्या वाऱ्यात काही तरी चुकल्यासारखं वाटलं. वारा आत जायला हवा ना? पण सगळे इतके सुखात होते, की त्यांनी डोळे मिटून तोंडावर वारा घेतला.

रविवारी काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शर्टाला घाम नको म्हणून हीटर लावायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. काकूंनी विचारलं नाही, पण आकारावरून ओळखलं. नोकरीभर वापरलेली बॅटरी.

"तिकडं लाइट जात असतील," काका समोर बघत म्हणाले.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं. काकूंनी सवयीनं फोन हातात घेतला. तिसरं वळण आलं, दगडी कठडा आला, कठड्याजवळची ती जागा आली, आणि गेली.

डबी पुढं निघाली होती. काकूंनी मान वळवून त्या जागेकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्यांची होती, आता दुसऱ्या कुणाचीही असल्यासारखी मागं पडत होती. काका रस्त्याकडे बघत होते. फक्त रस्त्याकडे. चौथ्या वळणानंतर घाट असा चढतो हे काकूंनी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. नवऱ्याच्या शेजारी बसून पहिल्यांदाच पाहत होत्या.

काटा मध्यावर होता. मग मध्याच्या वर गेला. काकूंना वाटलं, आपल्या बसण्याचा कोन बदलला असेल. मग तो लाल पट्ट्याला टेकला. तेव्हा त्यांना कळलं की कोनाचा काही संबंध नाही. 'अहो' एवढा शब्द तोंडात तयार होता. पण आजवर ज्या काट्यानं या माणसाला अडवलं, त्या काट्याचं नाव आजच काढायचं? तेही लेक आणखी चार वळणांवर असताना? काकूंनी फोन पर्समध्ये टाकला आणि त्याही रस्त्याकडे बघायला लागल्या. डबीत दोन माणसं होती, आणि काट्याकडे कुणीच बघत नव्हतं.

पुढच्या वळणावर आधी गोडसर वास आला. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ. मग डबीनं एक मोठा उसासा टाकला आणि उभी राहिली.

काका खाली उतरले, बॉनेट उघडलं. उकळतं पाणी उसळून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर नकाशा उमटवून गेलं. चटका थोडक्यात वाचला. काकूंनी फोन लावला.

"ठके, अगं… गाडी तापली."

"हो का," ठकी म्हणाली. मागं दोरखंड आवळल्याचे आवाज येत होते. "असू दे आई. मला वाटलंच होतं. सावकाश परत जा."

"अगं नाही, ऐक, खरंच…" पण फोन ठेवला गेला होता.

काका ऐकत होते. ते कठड्यावर जाऊन बसले. काकूंना वाटलं, खरं दुखणं कुणी मानत नाही तेव्हा माणूस किती लहान दिसतो. त्यांनी ओंजळभर पाण्यानं त्यांच्या शर्टावरचे डाग पुसायचा प्रयत्न केला. डाग पसरले.

"चालत जाऊ या का?" काका म्हणाले.

"अहो, चढ बघा."

"तरी."

आणि ते उठलेही. बॅटरीचं पुडकं काखेत मारून चार पावलं चढले असतील, तेवढ्यात वरून सामानानं लादलेला टेम्पो उतरताना दिसला. सगळ्यात वर उलटं बांधलेलं टेबल, चारी पाय आभाळाकडे. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी ठकी. तिनं आधी वाफ पाहिली, मग डबी, मग भर रस्त्यात काखेत पुडकं धरून उभे असलेले बाबा. टेम्पो थांबायच्या आत तिनं दार उघडलं.

"खरंच?" ती म्हणाली.

तिच्या तोंडून निसटलंच ते. तिघांनीही ऐकलं, आणि तिघांनीही ऐकलं नसल्यासारखं केलं. या कुटुंबाला त्याचा सराव होता.

टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "झाकणाला हात लावू नका, आधी निवू द्या! आणि ताई, जरा लवकर. रेल्वे चुकेल."

तेवढा वेळ मिळाला. रेडिएटर निवायला लागतो तेवढा.

ठकी डबीसमोर उभी राहिली. इंजिन बंद होतं, पण काकांच्या बटणावरचा पंखा घूं घूं करत होता, आणि ठकीच्या कपाळावरचे केस मागं उडत होते. तिच्या भुवया जवळ आल्या.

"बाबा, ते काय आहे काखेत?"

"तुलाच आहे." काकांनी पुडकं पुढं केलं. तिनं कागद सोडला. बॅटरी हातात आली तेव्हा ती क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी पांघरुणात शिरून याच बॅटरीनं तिनं भिंतीवर ससे काढले होते. मग तिनं बॅटरी आईच्या हातात दिली आणि कागद जाळीवर धरून सोडला. कागद फडफडत उडाला तो थेट काकूंच्या तोंडावर.

"चिकटला नाही," ठकी म्हणाली.

काकांनी कागदाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. आपणच शिकवलेला धडा आपल्यालाच विचारला जातोय, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. "उलटा," ते हळूच म्हणाले. "उलटा फिरतोय. कालपासून."

"सगळ्यांनी वारा खाल्ला," काकू म्हणाल्या.

ठकीला हसू आलं. तिनं खाली वाकून बटण बंद केलं, वायरी सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या. हात काळे झाले. मग तशीच वाकलेली असताना, सहज, कुठल्याही गाडीवाल्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "पण बाबा, काटा चढताना दिसला नाही का?"

विचारलं आणि तिचे हात थांबले. काकूंनी बॅटरी घट्ट धरली. डबीच्या पोटात काही तरी टिकटिकत निवत होतं.

"दिसत होता," काका म्हणाले.

ते कठड्याला टेकले.

"लाल पट्ट्यात गेला तेसुद्धा दिसलं. पण पोचायचं होतं गं. आता पोचू, आता पोचू असं वाटत राहतं." त्यांनी शर्टाची ओली बाही पिळली. पिळण्यासारखं त्यात काही नव्हतं. "काटा दिसत असतो. म्हणून थांबता येतं असं नाही. मला ठाऊक नव्हतं हे."

ठकी वर बघेना. तिनं कॅन उचलला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागली. भरून बाहेर वाहायला लागलं तरी ओतत राहिली. शेवटी काकूंनी तिच्या हातून कॅन काढून घेतला.

टेम्पोनं हॉर्न दिला.

"निघते," ठकी म्हणाली. डोळे मनगटानं पुसल्यामुळं गालावर काळं लागलं होतं. "आता वर नेऊ नका हिला. घर रिकामंच आहे. उतारानं सावकाश परत जा."

वर न्यायचं कारणच उरलं नव्हतं. ज्या घराचा एकही कोपरा काकांनी पाहिला नव्हता, ते त्यांच्यासमोर दोरखंडानं बांधून उभं होतं. एक टेबल. एक आरसा, गादीत गुंडाळलेला. दोन खुर्च्या. काकांनी दोन्ही खुर्च्या बघितल्या. दुसरी कुणासाठी होती हे त्यांनी विचारलं नाही.

काकूंनी बटण दाबलं. पंखा फिरला. मघाचा कागद त्यांनी जाळीवर धरून सोडला, आणि या वेळी तो चिकटून बसला.

ठकी टेम्पोत चढली, दार ओढलं. टेम्पोवाल्यानं गिअर टाकला. टेम्पो हलायच्या आत काका दोन ढांगांत खिडकीशी पोचले आणि त्यांनी दाराच्या कडेवर हात ठेवला.

"ठके."

"काय बाबा?"

काकांनी एकदा डबीकडे पाहिलं, एकदा खाली, जिथं वळणावळणांनी रस्ता उतरत गेला होता आणि तिसऱ्या वळणावरचा तो दगडी कठडा इथूनही दिसत होता.

"गाडी आजच तापली," ते म्हणाले. "याआधी एकदाही तापली नव्हती."